बाळाच्या पाकिटात साखर की डाळ? शिशुआहाराच्या धंद्यात उतरण्याआधीचा हिशोब



आपल्या चॅनेलवर खाद्यपदार्थांचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो : "मी घरी नाचणी सत्त्व करते, खिमटीचं पीठ करते. शेजारणी मागून नेतात. पाकिटं करून विकायला सुरुवात करू का?" या आठवड्याच्या व्हिडिओत त्याचं थोडक्यात उत्तर दिलंय. व्हिडिओत आकडे भरभर निघून जातात, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आज बेरीज-वजाबाकी करायची आहे.

आजचा धडा एका वाक्यात सांगायचा तर असा : बाळाच्या खाण्याच्या धंद्यात कायदा म्हणजे जोतं. त्यावर घर किती चांगलं बांधायचं, म्हणजे पोषणाचा दर्जा किती ठेवायचा, हे तुम्ही ठरवायचं. आणि तो दर्जा वाढवायला वाटतो तेवढा खर्च येत नाही.

१. इथे खाणारा वेगळा आणि घेणारा वेगळा

लोणचं, पापड, चकली यात ग्राहक स्वतः चव घेतो. आवडलं नाही तर परत येत नाही. बाळाच्या खाण्यात तसं नसतं. पाकीट घेते आई, चव बघते आजी आणि खातं बाळ. त्या बाळाला "यात काय घातलंय?" असं विचारता येत नाही.

शिवाय त्याच्याकडे दुसरा पर्यायही नसतो. आपण सकाळी एक, दुपारी दुसरं असं दिवसभर वेगवेगळं खातो. सात-आठ महिन्यांचं बाळ मात्र तेच पाकीट दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने खाऊ शकतं. म्हणून पाकिटातली छोटी उणीव त्याच्यासाठी मोठी होते.

आपल्याकडची परिस्थितीही लक्षात ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी फक्त ११ टक्क्यांच्या आसपास मुलांना पुरेसा आहार मिळतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे साधारण ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि साधारण ६९ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. गरज खरी आहे, बाजारही आहे. म्हणूनच काय विकतोय याचा विचार आधी करायचा.

२. चार रुपयांचा हिशोब

आता पेन उघडा. दोन पाककृती घेऊ. दोन्हींना बाजारात "पौष्टिक" म्हणून सहज विकता येईल.

पहिलं पाकीट : भाजलेलं नाचणी पीठ ७५ टक्के, पिठीसाखर २५ टक्के.

दुसरं पाकीट : नाचणी ५० टक्के, तांदूळ २० टक्के, मूगडाळ ३० टक्के. साखर नाही, गूळ नाही, मीठ नाही.

प्रथिनं मोजू. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ७ ग्रॅम प्रथिनं, तांदळात ८ ग्रॅम, मूगडाळीत २४ ग्रॅम आणि साखरेत शून्य.

- पहिल्या पाकिटात १०० ग्रॅममागे सुमारे सव्वापाच ग्रॅम प्रथिनं.
- दुसऱ्यात सुमारे सव्वाबारा ग्रॅम.

म्हणजे दुपटीहून जास्त. उष्मांक मात्र दोन्हीत जवळपास सारखेच, पहिल्यात ३४५ आणि दुसऱ्यात ३३५ किलोकॅलरीच्या आसपास. पोट दोन्हीनं भरतं, पण अंगाला लागणारा माल एकात निम्म्याहून कमी.

आता हे एका सरकारी मापाला लावून बघा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांना घरी न्यायच्या शिध्यासाठी ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण दिलं होतं. आपल्या पहिल्या पाकिटातून ५०० किलोकॅलरी घेतल्या तर प्रथिनं मिळतात साधारण साडेसात ग्रॅम. दुसऱ्यातून मिळतात साधारण १८. म्हणजे रंगीत पाऊचमधलं "प्रीमियम" पाकीट अंगणवाडीच्या शिध्याच्या मापालाही उतरत नाही!

आता पैसे. भाव तुमच्या गावचे धरा, मी हिशोबापुरते घेतो. समजा नाचणी ५० रुपये किलो, साखर ४५, तांदूळ ४५ आणि मूगडाळ १२०.

- पहिल्या मिश्रणाचा कच्चा माल : किलोला ४८ रुपये ७५ पैसे.
- दुसऱ्याचा : किलोला ७० रुपये.

फरक किलोला २१ रुपये २५ पैसे. २०० ग्रॅमच्या पाकिटाला ४ रुपये २५ पैसे. पाकीट १२० रुपयांना विकणार असाल तर हा फरक किमतीच्या साडेतीन टक्के होतो. पाऊचवर सोनेरी छपाई करायला याहून जास्त खर्च येऊ शकतो.

साखर ही इथे चवीसाठी तर असतेच, पण ती भरताडही असते. डाळीपेक्षा स्वस्त, वजनदार आणि खपाऊ. मोठ्या कारखान्यात आणि घरगुती उद्योगात या बाबतीत फरक नाही. मोह दोघांना सारखाच.

३. कायद्यात बसतं म्हणजे चांगलं असतं का?

एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने आयबीएफएएन या शिशुआहारावर काम करणाऱ्या जाळ्यासोबत एक अहवाल काढला. नेस्लेच्या सेरेलॅकची भारतात विकली जाणारी जी उत्पादनं त्यांनी बघितली, त्यांत एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळजवळ ३ ग्रॅम वरून घातलेली साखर होती. कंपनीच्या मायदेशात, स्वित्झर्लंडमध्ये मात्र तशी उत्पादनं साखर न घालता विकली जात होती. कंपनीचं म्हणणं असं होतं की आम्ही स्थानिक नियम पाळतो आणि गेल्या पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की भारतातल्या २१ प्रकारांपैकी १४ प्रकार रिफाइंड साखर न घालता मिळतील.

यातून दोन गोष्टी शिका. एक, नियम पाळूनही माल टीकेला पात्र ठरू शकतो, कारण नियम किमान पातळी सांगतात. दोन, बिनसाखरेचं करता येतं, विकताही येतं.

आता आपल्या पहिल्या पाकिटाकडे परत बघा. २५ ग्रॅम पिठाची एक वाटी केली तर त्यात साखर किती? सव्वासहा ग्रॅम. ज्या आकड्याची देशभर बातमी झाली, त्याच्या दुप्पट! "घरगुती" लिहिलं म्हणून साखरेचे ग्रॅम कमी होत नाहीत.

जग कुठे चाललंय तेही बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२२ मध्ये ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांच्या पाकीटबंद खाण्यासाठी एक निकषपत्र काढलं. त्यात वरून घातलेली साखर आणि इतर गोडी आणणारे पदार्थ नकोत, मीठ म्हणजे सोडियमवर कडक मर्यादा हवी आणि सहा महिन्यांखालच्या वयाचा उल्लेख पाकिटावर नको, असं सांगितलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने तिथल्या शिशुआहार कंपन्यांना साखर-मीठ कमी करायला १८ महिन्यांची मुदत दिली. ती सक्तीची नाही, ऐच्छिक आहे, पण दिशा स्पष्ट आहे. आज जे ऐच्छिक आहे ते उद्या नियमात येऊ शकतं. आपण आजच तिथे असलो तर उद्या पाकृती आणि लेबल दोन्ही बदलायचा खर्च वाचतो.

४. तुमचं स्वतःचं दर्जापत्रक

एक पान घ्या. वर लिहा "आमच्या मालाचा दर्जा". खाली हे मुद्दे लिहा आणि भिंतीवर लावा.

साखर शून्य, आणि गूळही साखरच. हा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात अवघड. "आम्ही साखर नाही, सेंद्रिय गूळ घालतो" असं अभिमानानं सांगितलं जातं. बाळाच्या दातांना आणि जिभेच्या सवयीला दोन्ही सारखेच. खारीक पूड जास्त घातली की तीही तेच काम करते. आणि मध तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नाही. त्यातून बोट्युलिझम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

मीठ शून्य. लागलं तर घरचे बघतील. पाकिटात नको.

धान्याला डाळीची जोड. धान्यात लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असतं ते धान्यात मिळतं. आपल्या आज्या खिमटीत तांदळाबरोबर मूगडाळ घालायच्या, त्याचं शास्त्र हेच. दोन-तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण हाताशी ठेवा.

चोथा टाकताना विचार करा. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलेलं पांढरं सत्त्व पचायला हलकं असतं. पण गाळताना कोंड्याबरोबर बरीच प्रथिनं आणि खनिजंही जातात. नाचणीची ख्याती आहे ती कॅल्शियमसाठी, १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम. गाळून घेतलेल्या सत्त्वावर अख्ख्या नाचणीचा आकडा छापू नका. तो खोटा ठरेल. मोड आणून, वाळवून, बारीक दळून चाळलेलं पीठ हा मधला मार्ग आहे.

वाटी छोटी, म्हणून खीर पातळ नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने अंगावर पिणाऱ्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि पुढे दोन वर्षांपर्यंत ५५०. पोट मात्र एवढंसं. पाण्यासारखी पेज दिली तर पोट भरतं आणि बाळ उपाशी राहतं. पीठ जास्त घातलं तर खीर गोळ्यासारखी होते आणि बाळाला गिळता येत नाही.

इथे मोडाच्या धान्याची कमाल आहे. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं. ते स्टार्च तोडतं आणि घट्ट खीर सैल होते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं. पण मोडाचं धान्य खूप खरपूस भाजलं तर हे द्रव्य मरतं. म्हणून मोडाचा भाग मंद आचेवर कोरडा करा, बाकीचं धान्य-डाळ नीट भाजा. आणि पाकिटावर ठळक लिहा : "शिजवूनच द्यावे."

लोहाबद्दल खोटं बोलू नका. सहा महिन्यांनंतर बाळाची लोहाची गरज मोठी असते. नाचणी-डाळीत लोह असतं, पण फायटेटमुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. भिजवल्यानं आणि मोड आणल्यानं सुधारणा होते, पण सगळी गरज भागत नाही. मोठ्या कंपन्या लोह आणि जीवनसत्त्वं वरून मिसळतात. हे घरच्या परातीत करायचं काम नाही. मिलिग्रॅममधलं मिश्रण सगळ्या पाकिटांत सारखं उतरायला योग्य यंत्र आणि तपासणी लागते. एका पाकिटात शून्य आणि दुसऱ्यात तिप्पट, असं झालं तर धोका आहे. तेव्हा "संपूर्ण आहार" हा शब्द लेबलवर येता कामा नये. तुमचं पीठ हा बाळाच्या ताटातला एक पदार्थ आहे, अख्खं ताट नाही.

स्वच्छता आणि ओल. सगळ्यात धोक्याची पायरी म्हणजे मोड आणणं आणि वाळवणं. ओलं, उबदार धान्य जंतूंनाही आवडतं. पावसाळ्यात अंगणात वाळवण घालून हा धंदा होत नाही, ड्रायर लागतो. शेंगदाणे वापरत असाल तर बुरशी लागलेला, काळपट, सुरकुतलेला एकही दाणा नको, कारण त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. शेंगदाणे, गहू, दूध, सोया, बदाम यांपैकी काही असेल तर लेबलवर स्पष्ट लिहायचं. प्रत्येक घाण्याला बॅच नंबर द्या. कुठल्या पोत्यातला माल कुठल्या पाकिटात गेला हे पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

५. कायद्याचा भाग : हा वाचल्याशिवाय लेबल छापू नका

खूप जण इथे अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

आपल्या देशात १९९२ चा शिशुदुग्धपर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांचं नियमन करणारा कायदा आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. सहा महिन्यांनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाला पूरक म्हणून जे खाणं विकलं जातं, ते या कायद्यात "शिशुआहार". कायदा कारखाना मोठा की छोटा हे बघत नाही. तुम्ही तो माल कोणासाठी म्हणून विकता, हे बघतो.

असा माल असेल तर :

- त्याची जाहिरात करता येत नाही. वर्तमानपत्रातली नाही आणि व्हॉट्सॲप स्टेटसमधली किंवा रीलमधलीही नाही.
- पाकिटावर बाळाचं किंवा बाईचं चित्र चालत नाही. गुटगुटीत बाळाचा फोटो टाकलेला पाऊच छापून घेतलात की पैसे पाण्यात.
- खप वाढवण्यासाठी मोफत नमुने आणि भेटवस्तू वाटणं बंद.
- डॉक्टर, नर्स किंवा इतर आरोग्यसेवकांना आमिष दाखवून शिफारस मिळवणं बंद.

उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे आपण एरवी शिकतो ते सगळं मार्केटिंग, म्हणजे ऑफर, सॅम्पल, इन्फ्लुएन्सर, इथे लागू होत नाही. कायद्याचा हेतू सरळ आहे : आईच्या दुधाची जागा कुठल्याही डब्यानं किंवा पाकिटानं घेऊ नये.

याशिवाय एफएसएसएआयचे शिशुपोषणासाठी २०२० चे वेगळे नियम आहेत. त्यात घटक, पोषण, जंतूंच्या मर्यादा, लेबल असं सगळं येतं. पापड-चटणीसाठी घेतलेली तुमची नोंदणी या वर्गाला आपोआप चालते असं समजू नका. अर्ज करताना नेमका वर्ग निवडा आणि त्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या. उत्पादनाच्या परवान्याच्या अटींत दर सहा महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणीही येते. तो खर्च पहिल्या दिवसापासून किमतीत धरा.

६. मग करायचं काय? दोन रस्ते

पहिला रस्ता : शिशुआहारच करायचा. मग भांडवल, ड्रायर, वेगळी जागा, प्रयोगशाळा, योग्य परवाना आणि जाहिरातीशिवाय विकायची तयारी, हे सगळं हवं. एकटीला जड जातं. दहा-बारा जणींचा गट किंवा उत्पादक कंपनी असेल तर जमू शकतं.

दुसरा रस्ता : घरातल्या सगळ्यांसाठी पीठ करायचं. "मोडाची नाचणी आणि मूगडाळ पीठ." वयाचा उल्लेख नाही, बाळाचं चित्र नाही, नावात "बेबी" नाही. आंबील करा, धिरडी करा, खीर करा. नेहमीच्या परवान्यात हे बसायला सोपं, आणि त्याची जाहिरातही करता येते.

पण एक पळवाट इथे शोधू नका. पाकिटावर "सर्वांसाठी" लिहायचं आणि फोनवर सांगायचं, "ताई, सहा महिन्यांपासून द्या, काही होत नाही." तुम्ही तोंडी सांगितलेलंही तुमचंच सांगणं असतं. कोणी विचारलं तर एकच उत्तर पाठ करा : "बाळाला काय द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना किंवा अंगणवाडीताईंना विचारा."

आणि दुसरा रस्ता घेतला तरी दर्जापत्रक तेच ठेवा. आपण लिहिलं नाही तरी ते पीठ कुठल्यातरी घरात बाळाच्या वाटीत जाणारच आहे.

७. "गोड नसेल तर खपत नाही हो!"

हा आक्षेप बरोबर आहे आणि चुकीचाही. मोठ्यांच्या जिभेला फिकं लागतं, हे खरं. पण बाळाला गोडाची सवय अजून लागलेली नसते, ती आपण लावतो. नीट भाजलेल्या डाळीचा खमंगपणा आणि मोडाच्या धान्याची स्वतःची किंचित गोडी पुरेशी असते. चवीसाठी घरी पिकलं केळं कुस्करून घालता येतं आणि चमचाभर तूप घातलं तर उष्मांकही वाढतात.

विक्रीत आपण काय सांगू शकतो? सर्वांसाठीच्या पिठाच्या मागे घटक टक्केवारीसह छापा : नाचणी ५०, तांदूळ २०, मूगडाळ ३०. बस्स. ज्या आईला पाकीट उलटून वाचायची सवय आहे तिला या एका ओळीत सगळं कळतं. आणि अशा आयांची संख्या वाढते आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या पाककृतीची १०० ग्रॅममागे प्रथिनं आणि साखर काढा, वर दाखवली तशी.
२. तुमच्या गावच्या भावाने साखर काढून डाळ घातली तर २०० ग्रॅमला किती रुपये वाढतात ते लिहा.
३. दुकानातली तीन पाकिटं उलटून बघा. घटकांच्या यादीत साखर कितव्या नंबरला आहे? घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्यामुळे पहिल्या तिनात असेल तर समजून जा.
४. दोनपैकी कुठला रस्ता घेणार ते एका ओळीत ठरवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खाली कमेंटमध्ये टाका, जिल्ह्याचं नाव लिहून. कोकणातला नाचणीचा भाव आणि विदर्भातला भाव वेगळा असतो, तेव्हा सगळ्यांनाच उपयोग होईल. पुढच्या व्हिडिओत ड्रायर बघू : किती किलोचा घ्यावा, वीज किती खातो आणि भाड्याने परवडतो का.

तोवर हिशोब पक्का करा. पाकिटामागे सव्वाचार रुपये जास्त गेले तर धंदा बुडत नाही. पण त्या सव्वाचार रुपयांत एखाद्या बाळाच्या वाटीतली प्रथिनं दुप्पट होतात.